मूल पडलें तर दोष कोणाचा?

मूल पडल्यावांचून चालावयास शिकत नाहीं, हें सर्वांस ठाऊक आहे. आणि त्या पडण्याबद्दल कोणतीही आई मुलास दोष देत नाहीं. तें धडपडतें, रडतें, उठतें, आणि आईचे हात पुन्हां पुढें होतात. परंतु तेंच मूल सहा-सात वर्षांचें होऊन सायकलीस हात घालूं लागलें म्हणजे आपला न्याय एकाएकीं बदलतो. गुडघा फुटला तर तो त्याचा हूडपणा, हात मोडला तर तें त्याचें नशीब, आणि सायकल मोडली तर त्याच्या पाठींत धपाटा! एकाच मुलाच्या दोन शिकण्यांस आपण दोन निराळे कायदे लावतों. हें न्यायाचें आहे काय? आणि मूल पडलें असतां जो दोष उत्पन्न होतो, तो खरोखर कोणाच्या पदरीं पडतो? प्रश्न लहान दिसतो. परंतु ज्या घरांत लहान मुलें आहेत आणि दाराशीं सायकल टेकून उभी आहे, त्या घरास तो केव्हां ना केव्हां सोडवावा लागतो.

धाराशीव जिल्ह्याच्या भूम तालुक्यांतील ईट हें गांव घ्या, अथवा त्या भागांतील त्यासारखें दुसरें कोणतेंही घ्या. ह्या तालुक्यांत दुधाचा व खव्याचा धंदा मोठा. कोणी शेतांतल्या वस्तीवर राहतो, कोणी गांवांत. शाळा एकीकडे, शेत दुसरीकडे, दुकान तिसरीकडे. अशा ठिकाणीं सायकल ही चैनीची वस्तु नव्हे. ती गरिबाचें वाहन आहे. दूध घालून यावें, वस्तीवर भाकरी पोंचवावी, शाळेची घंटा चुकूं नये, ह्या सर्वांस ती उपयोगी पडते. राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमांतून मागासलेल्या तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेंत जाण्याकरितां सायकली दिल्या गेल्या, त्या ह्याच कारणास्तव. म्हणजे तेरा-चौदा वर्षांची मुलगी सायकलीवर बसून शाळेस जाईल असें सरकारनेंही गृहीत धरलें आहे. तेव्हां मुलांनीं सायकल शिकावी कीं नाहीं, हा वाद राहिलाच नाहीं. वाद इतकाच कीं, शिकतांना जें पडणें होईल त्याचा भार कोणीं उचलावा.

आधीं मूल कशावर शिकतें तें पाहूं. लहान मुलाच्या मापाची सायकल पुष्कळ घरीं नसते. असते ती बापाची किंवा चुलत्याची. अठ्ठावीस इंची चाकांची ती जुन्या घडणीची सायकल सुमारें वीस किलो वजनाची असते, आणि सात वर्षांच्या मुलाचें वजनही जवळजवळ तेवढेंच भरतें. सीटवर बसलें तर पाय पायडलास पोंचत नाहींत. म्हणून मूल आडव्या नळीखालून एक पाय पलीकडे घालतें, अंग एका बाजूस वांकवितें, आणि अर्धें अर्धें पायडल मारीत चालतें. हँडल त्याच्या छातीशीं येतें. ब्रेकची दांडी बोटांच्या टप्प्यांत नसते; असली तरी ती ओढण्याइतका जोर त्या बोटांत नसतो. तोल गेला म्हणजे पाय जमिनीवर टेकावा, तर तो नळीखालीं अडकलेला! आतां विचार करा. स्वतःएवढ्या वजनाचें, थांबवितां न येणारें आणि ज्यावरून चटकन उतरतां येत नाहीं असें यंत्र एखाद्या मोठ्या माणसाच्या हातीं दिलें, आणि तो पडला, तर आपण त्या माणसास निष्काळजी म्हणूं काय? यंत्र देणाराच निष्काळजी, असें आपण म्हणूं.

ह्यावर कोणी वडील गृहस्थ म्हणतील, "आम्ही नाहीं का असेच शिकलों? आम्हांला काय झालें?" ह्या म्हणण्यांत अभिमान आहे, आणि तो अगदींच पोकळ नाहीं, त्या धडपडीनें अनेकांस धीटपणा दिला हें खरें. परंतु पारावर बसून ही गोष्ट सांगणारा तोच असतो, जो सुखरूप राहिला. ज्याचा कोपर कायमचा वांकडा झाला तो ती हंसत सांगत नाहीं. आणि जें मूल गेलें तें सांगावयास येतच नाहीं. वांचलेल्यांचीच साक्ष घेऊन जो निकाल दिला जातो, तो निकाल अपुरा होय. शिवाय पूर्वीं त्या वाटेनें बैलगाड्या जात. आज तेथें मोटारसायकली आणि मालमोटारी धांवतात, आणि गळिताच्या हंगामांत एकेका ट्रॅक्टरमागें उसानें भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या झोके खात जातात. सायकल तीच राहिली. वाट मात्र ती राहिली नाहीं.

म्हणून प्रथम पडण्यापडण्यांत भेद केला पाहिजे. एक पडणें असें कीं, ज्यानें गुडघा खरचटतो, डोळ्यांत पाणी येतें, आणि मूल पुढच्या वेळीं हँडल अधिक नीट धरतें. हें पडणें गुरूसारखें आहे. थोडी दक्षिणा घेतें आणि विद्या देऊन जातें. दुसरें पडणें असें कीं, तें कांहींच शिकवीत नाहीं, केवळ हिरावून घेतें: कधीं हात, कधीं शुद्धि, कधीं प्राण. पहिलें पडणें मुलाचें आहे; तें त्याच्यापासून हिरावूं नये. दुसरें मात्र बहुधा मुलाचें नसतें; मोठ्यांनीं तें आधींच मांडून ठेवलेलें असतें. हें कठोर वाटेल, म्हणून कांहीं उदाहरणें देतों.

सायकलीच्या हँडलाचें टोंक पहा. रबराची मूठ झिजून गेलेली असते आणि आंतली लोखंडी नळी उघडी पडलेली असते. मूल पडतांना पुढचें चाक एकाएकीं आडवें वळतें, हँडलाचें एक टोंक वर येतें, आणि मुलाचा सर्व भार पोटाच्या एका लहानशा जागेवर येऊन आदळतो. मुलाच्या पोटाची भिंत पातळ असते. अशा टोल्यानें आंतील स्वादुपिंड पाठीच्या कण्यावर चेंगरतें. यकृत, प्लीहा किंवा आंतडें फाटूं शकतें. आणि बाहेरून काय दिसतें? एखादा रुपयाएवढा लाल वण. कधीं तोही नाहीं. मूल उठतें, कपडे झटकतें आणि खेळावयास जातें. पुढें कांहीं तासांनीं, कधीं एकदोन दिवसांनीं, पोट दुखूं लागतें, ओकाऱ्या होतात, ताप येतो, तोंड पांढरें पडतें. वैद्यकशास्त्रांत ही दुखापत चांगली परिचित आहे, आणि ती फसवी आहे हेंही परिचित आहे. वेळीं कळली तर बहुतेक मुलें वांचतात. उशीर झाला तर तोच घातक ठरतो.

येथें आपल्या प्रश्नाचें मर्म आहे. उशीर कां होतो? पुष्कळदां दवाखाना दूर म्हणून नव्हे, तर मूल सांगत नाहीं म्हणून. आणि मूल सांगत कां नाहीं? कारण सायकल न विचारतां नेली होती. कारण तिचें मडगार्ड वांकलें आहे. कारण मागल्या खेपेस "पडलों" म्हणतांच मार मिळाला होता. तें पोटावर हात धरून कोपऱ्यांत निजतें, आणि विचारलें तर "कांहीं नाहीं" म्हणतें. शिस्त लागावी म्हणून जो धाक आपण घातला, तोच त्याच्या जिवावर उठतो. लोखंडी नळीनें केलेली जखम एकवेळ शस्त्रवैद्य शिवील. परंतु खरें सांगण्याची ज्याची वाट आपण बंद केली, त्याची जखम त्याला दिसणार तरी कशी? घरांतील धाक हा सुद्धां सायकलीच्या धोक्यांपैकीं एक धोका आहे, आणि तो सर्वांत कमी ओळखला जातो.

राजाचा कायदाही ह्या बाबतींत आपल्याहून मऊ आहे. भारतीय न्याय संहितेच्या २० व्या कलमाप्रमाणें सात वर्षांखालील मुलाच्या हातून घडलेली कोणतीही गोष्ट अपराध ठरत नाहीं. पूर्वींच्या दंडसंहितेंतही ८२ व्या कलमांत हाच नियम होता. ज्यास परिणामाची समज नाहीं त्यावर दोष ठेवूं नये, हें तत्त्व न्यायालय मानतें. मग आपण घरच्या न्यायालयांत तें कां मानूं नये?

दुसरीं उदाहरणें थोडक्यांत सांगतों. थोरली बहीण धाकट्या भावास मागें कॅरिअरवर बसवून शाळेस नेते. त्याचे पाय लोंबकळतात, आणि एखादें पाऊल चाकाच्या तारांत सांपडतें. टांच चिरडते, वरची कातडी शाबूत दिसली तरी आंतून चेंगरलेली असल्यामुळें ती पुढें कांहीं दिवसांनीं काळी पडूं शकते. ह्यांत दोष कोणाचा? बहिणीचा? पाय टेकावयास जागा करून चाकावर जाळी बसविण्याचें काम तिचें नव्हतें. पडतांना मूल हात पुढें करतें, आणि पांच ते सात वर्षांच्या वयांत कोपराच्या वरचें हाड मोडण्याचा प्रकार पुष्कळ होतो. अशा वेळीं हाताची बोटें थंड, फिकट किंवा बधिर झालीं तर एक घटकाही दवडूं नये. चोळणें आणि बांबूच्या कामट्यांनीं घट्ट आंवळून बांधणें ह्यांनीं रक्त अडतें, आणि मोडलेला हात कायमचा आखडतो, किंवा कापावाही लागतो. तें हाड मुलानें मोडलें असेल. हात मात्र मोठ्यांनीं घालविला. डोक्यावर पडलेलें मूल वारंवार ओकलें, सुस्त झालें, बेशुद्ध पडलें, किंवा त्याच्या कानानाकांतून पाणी अथवा रक्त आलें, तर "निजूं द्या, बरें वाटेल" असें म्हणूं नये. १०८ क्रमांकावर फोन करून गाडी बोलवावी.

इतकें वाचून एखादी आई म्हणेल, "तर मग सायकलच नको!" तिची कळकळ समजते, परंतु हा न्यायही पुरा नाहीं. न शिकलेलें मूल सुरक्षित राहतें असें नाहीं. तें पुढें मोठेपणीं, मोठ्या रस्त्यावर, अधिक वेगानें शिकतें. आणि ही बंदी बहुधा कोणावर पडते तें पहा. मुलगा पडला तर "मर्द होईल," आणि मुलगी पडली तर "उद्यां लग्नाला कोण करील?" असें म्हणून तिच्या हातची सायकल काढून घेतात. मग आठवींत तिला शाळेकरितां सायकल मिळते, आणि ती चालवितां येत नाहीं म्हणून घरीं भिंतीस लागते, किंवा भावाच्या उपयोगीं पडते. बंदीनेंही इजा होते; मात्र त्या इजेचें रक्त दिसत नाहीं, म्हणून कोणी ती मोजीत नाहीं.

नेदरलंड्स देशांत हाच पेंच मोठ्या प्रमाणावर पडला होता. १९७१ सालीं तेथें रस्त्यांवरील अपघातांत सुमारें ३३०० माणसें मेलीं, आणि त्यांत ४०० हून अधिक मुलें होतीं. ज्याची स्वतःची लहान मुलगी अशा अपघातांत गेली होती, त्या एका पत्रकारानें १९७२ सालीं "बालहत्या थांबवा" अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख लिहिला, आणि त्याच नांवाची चळवळ उभी राहिली. शब्द लक्षांत घ्या: त्यानें त्यास अपघात म्हटलें नाहीं, हत्या म्हटलें. त्या लोकांनीं मुलांच्या सायकली काढून घेतल्या नाहींत. रस्ते बदलावयास लाविले. पुढें सायकलींकरितां निराळ्या वाटा झाल्या, वस्तींतील मोटारींचा वेग कमी केला गेला, आणि आज तेथील मुलें सायकलीनेंच शाळेस जातात. दोष मुलावरून उचलून जेथें ठेवावयाचा तेथें ठेवला, म्हणून उपाय सांपडला.

आपल्या मराठवाड्यांत माळवदाचीं घरें आहेत. उन्हाळ्यांत त्यांवर निजण्याची चाल जुनी आहे. मुलें पडतील म्हणून कोणी माळवद पाडीत नाहीं, आणि मुलांस दाव्यानें बांधूनही ठेवीत नाहीं. शहाणा माणूस कडेनें कठडा बांधतो. मोशेच्या नियमशास्त्रांत नवें घर बांधणाऱ्यास धाब्याला कठडा करण्याची आज्ञा आहे, आणि कठडा नसल्यामुळें कोणी पडून मेला तर दोष पडणाऱ्याचा न मानतां घरधन्याचा मानला आहे. किती सूक्ष्म न्याय हा! त्यांत धाब्यावर जाण्याची मनाई नाहीं, पडणाऱ्याची निंदा नाहीं. ज्याच्या हातीं कठडा बांधणें होतें त्याला मात्र सुटका नाहीं.

सायकलीचा कठडा कसा बांधावा? त्यास फार पैसा लागत नाहीं. मुलाच्या मापाची लहान सायकल घ्यावी. एका घरास न परवडली तर चार घरांनीं मिळून एक जुनी घ्यावी, कारण एक मूल दोन-तीन वर्षांत तिच्याहून मोठें होतें आणि ती दुसऱ्याच्या कामीं येते. सीट इतकी खालीं करावी कीं दोन्ही पाय जमिनीस पुरते टेकतील. मग पहिले कांहीं दिवस पायडलें काढूनच टाकावीं. ही युक्ति नवी नाहीं: १८१७ सालीं जर्मनींतील मानहाइम येथें कार्ल ड्राइस यानें जी पहिली दुचाकी चालविली, तिला पायडलें मुळींच नव्हतीं, बसणारा पायांनीं जमीन मागें ढकलीत जात असे. मूलही तसेंच ढकलीत ढकलीत तोल शिकतें, आणि पाय मोकळे असल्यामुळें पडण्यापूर्वींच सांवरतें. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, म्हणून तें उजव्याच्या उलट दिशेनें फिरवून सैल करावें लागतें. पंक्चर काढणारा कारागीर हें काम थोडक्या वेळांत करतो. तोल आला म्हणजे पायडलें पुन्हां लावावीं. धरावयाचें तर मुलाच्या खांद्यास धरावें, हँडलास नव्हे. कारण ज्या बाजूस पडूं पाहतों त्याच बाजूस हँडल वळवून सांवरणें हीच सारी विद्या आहे, आणि ती मुलाच्याच हातांनीं शिकली पाहिजे.

जागा सपाट असावी: सुट्टीच्या दिवशीं शाळेचें मैदान, किंवा सुगी सरल्यावर रिकामें खळें. उतार नको, रस्ता नको, आणि जवळपास कठडा नसलेली विहीर तर मुळींच नको. हँडलाच्या दोन्ही मुठी शाबूत असाव्या. मूठ फाटली तर ती त्याच दिवशीं बदलावी. ब्रेक मुलाच्या बोटांनीं दबतो कीं नाहीं, हें आपल्या बोटांनीं नव्हे तर त्याच्या बोटांनीं तपासावें. डोक्यास हेल्मेट घालण्याची सायकलस्वारास आपल्या देशांत कायद्यानें सक्ति नाहीं. परंतु निरनिराळ्या देशांतील अभ्यास एकत्र तपासून १९९९ सालीं जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्यांत हेल्मेटनें डोक्याच्या दुखापतीचा संभव ६३ ते ८८ टक्क्यांनीं कमी होतो असें आढळलें. नंतरच्या पाहण्यांत हें प्रमाण कांहींसें कमी भरलें, तरी मूळ गोष्ट ढळली नाहीं.

आणि सायकल येऊं लागली म्हणजे रस्ता येऊं लागला, असें समजूं नये. अमेरिकेंतील आयोवा विद्यापीठांत दहा व बारा वर्षांच्या मुलांस स्थिर सायकलीवर बसवून, समोर रस्त्याचा देखावा दाखवून परीक्षा घेतली. मुलांनीं दोन मोटारींमधील मोकळी जागा मोठ्या माणसांएवढीच निवडली. परंतु निघावयास तीं किंचित उशीर करीत, आणि त्यामुळें पलीकडे पोंचतांना येणारी मोटार त्यांच्या फार जवळ येत असे. दहा-बारा वर्षांच्या मुलांची ही गत, तर सहा-सात वर्षांच्या मुलाची काय कथा! डांबरी रस्ता ओलांडतांना त्याच्याबरोबर मोठें माणूस असलेंच पाहिजे.

तर मग मुलाकडे कांहींच जबाबदारी नाहीं काय? आहे, परंतु ती त्याच्या उंचीबरोबर वाढते. सहा वर्षांच्या मुलाचें एकच कर्तव्य: पडल्यावर खरें सांगणें. आठ वर्षांच्या मुलास दुसरें येतें: निघण्यापूर्वीं ब्रेक दाबून पाहणें आणि नेमून दिलेल्या जागेबाहेर न जाणें. बारा वर्षांच्या मुलास तिसरें येतें: मागें बसलेल्या धाकट्याचे पाय आपलेच समजून जपणें. ज्या दिवशीं त्याला हें समजून करतां येतें आणि तरीही तें करीत नाहीं, त्या दिवशीं दोष त्याचा. त्यापूर्वींचा दोष आपला. जबाबदारी ही दानासारखी आहे; आधीं जवळ असावी, वापरून दाखवावी, आणि मग हळूहळू मुलाच्या हातीं द्यावी. जी आपणच कधीं उचलली नाहीं, ती मुलावर टाकणें म्हणजे दान नव्हे, ओझें होय.

नशीब म्हणून कांहीं उरतच नाहीं असें आमचें म्हणणें नाहीं. सर्व कठडे बांधूनही एखादें मूल पडेल, आणि तेथें शोक करावा, दोष कोणासही देऊं नये. परंतु कठडा न बांधतां नशिबाचें नांव घेणें हें शोकाचें वचन नव्हे, सबबीचें आहे.

वाचकहो, ह्या सर्व विचाराची कसोटी फार सोपी आहे, आणि ती प्रत्येक घरांत घेतां येईल. मूल धुळीनें माखून, डोळे पुशीत, सायकल ढकलीत दारांत येतें. त्या क्षणीं वडीलधाऱ्यांच्या तोंडून पहिला प्रश्न कोणता निघतो? "सायकल मोडली काय?" हा, कीं "तुला कोठें लागलें?" हा? पहिला प्रश्न ऐकलेलें मूल पुढच्या वेळीं आपलें दुखणें लपवावयास शिकतें. दुसरा ऐकलेलें मूल तें उघड सांगावयास शिकतें.